रिपोर्ट म्हणतो ९ पीपीएम, सेंट्रिफ्यूजवरच्या पोरांची डोकी दुखतायत. कोणाचं खरं?

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच.

कोकणातल्या एका एमआयडीसीत शिफ्ट इन-चार्ज आहे. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. औषधांचे इंटरमीजिएट्स, म्हणजे औषध बनण्याआधीच्या मधल्या टप्प्यातली रसायनं बनतात. रिअ‍ॅक्टरमधली स्लरी टोल्युइन या सॉल्व्हंटमध्ये असते, ती सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरून द्रव वेगळा करणाऱ्या यंत्राला) येते, टोल्युइन निथळतं, मग झाकण उघडून हेल्पर आत वाकतो आणि प्लास्टिकच्या फावड्याने केक, म्हणजे मागे उरलेला ओला गोळा, खरवडून पिशवीत भरतो. तिथून ट्रे ड्रायर. एका बॅचला खरवडायलाच तास-सव्वा तास जातो. हेल्पर सगळे ठेकेदाराचे, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या.

पोरं तक्रार करतात: डोकं जड होतं, घरी गेल्यावर जेवण नको वाटतं. एक जण म्हणाला, "साहेब, पाव क्वार्टर मारल्यासारखं वाटतं, पैसे न खर्च करता." हसलो तेव्हा, पण डोक्यातून जाईना.

मी वर विषय काढला. मॅनेजरनी फाइल उघडून दाखवली. बाहेरच्या लॅबने वर्क प्लेस मॉनिटरिंग केलंय, 'सेंट्रिफ्यूज एरिया, टोल्युइन ९ पीपीएम, मर्यादा १००'. खाली शिक्का, सही. "अकरापट खाली आहोत आपण. पोरांना जेवून यायला सांग."

आता रिपोर्ट खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. लॅब मान्यताप्राप्त आहे. पण मग ही डोकेदुखी कसली? या क्षेत्रातलं कोणी आहे का इथे?

सहज_वाचक

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक ना? मग ९ म्हणजे किती नगण्य! बाकी वाचतोय.

पंपवाला

तिसरी_पाळी, स्वागत. मी हेच काम करतो, गेली सोळा वर्षं. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातल्या आणि कोकणातल्या प्लांटमध्ये हवेचे नमुने ओढायचा पंप घेऊन हिंडतो.

रिपोर्ट खरा असेल. तो कोणाबद्दल आहे एवढंच बघायचं. पुढच्या प्रश्नांची उत्तरं शोधून आणा: पंप कुठे ठेवला होता? किती उंचीवर? किती वेळ चालला? त्या वेळी सेंट्रिफ्यूज चालू होतं, बंद होतं, की झाकण उघडं होतं? आणि त्या दिवशी बॅच कुठली होती?

रिपोर्टात 'एरिया' लिहिलंय, त्यावरून माझा अंदाज असा की पंप स्टँडवर, एखाद्या खांबाशेजारी, माणसांच्या येण्याजाण्यात अडथळा होणार नाही अशा जागी उभा केला असणार. तो खांब किती टोल्युइन ओढतो ते आपल्याला कळलं. खांबाचं डोकं दुखत नाही.

माणसाचं मोजायचं तर पंप माणसाच्या कमरेला आणि नळी कॉलरला. नाकाभोवती साधारण तीस सेंटिमीटरचा अर्धगोल धरतात, त्याला आम्ही ब्रीदिंग झोन म्हणतो. या तीस सेंटिमीटरला इतका भाव का, तर हेल्पर ड्रममध्ये वाकला की त्याचं तोंड केकपासून हातभर अंतरावर असतं. तिथली हवा आणि चार मीटरवरच्या खांबाजवळची हवा यांत दहापट, वीसपट फरक मी स्वतः पाहिलाय. कॉलरला पंप लावायची ही पद्धत काही नवी नाही. इंग्लंडच्या हारवेल अणुकेंद्रात शेरवूड आणि ग्रीनहॅल्श यांनी असा अंगावरचा सॅम्पलर बनवून १९६० मध्ये त्यावर लिहिलं. त्यांनाही हेच दिसलं होतं, खोलीतला सॅम्पलर एक सांगतो आणि माणसाच्या छातीवरचा दुसरंच.

आणि सहज_वाचक, पीपीएम नगण्य वाटतं खरं. ज्या भोपाळनंतर आपल्या कायद्यात हे आकडे आले, तिथल्या मिथाइल आयसोसायनेटची आठ तासांची मर्यादा ०.०२ पीपीएम आहे. आकडा लहान की मोठा ते पदार्थावर ठरतं.

नियमावर_बोट

मी सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे इथे शिव्या खायला बसलोय असं समजा.

पर्सनल सॅम्पलिंग ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं सांगू? एका माणसाला सकाळी पंप लावला. दहाला चहाला जाताना त्याने तो काढून लॉकरमध्ये ठेवला, कारण कमरेला टोचतो. दुसऱ्याला कोणीतरी सांगितलं की आकडा जास्त आला तर भत्ता वाढतो, म्हणून त्याने नळी ड्रमच्या तोंडाशी धरली. दोन्ही नमुने वाया. प्रत्येक नमुन्याचे पैसे लॅब घेतेच.

शिवाय कायद्यात मर्यादा १०० आहे. आमच्याकडे गॅस मीटरही आहे, सेंट्रिफ्यूज उघडताना रोज तपासतो, शून्य दाखवतो. शून्य! आता अजून काय करायचं?

पंपवाला

नियमावर_बोट, शिव्या नाही, पण एक विचारतो. तो मीटर एलईएलचा आहे का? स्क्रीनवर टक्क्यांत आकडा येतो?

नियमावर_बोट

हो. ४-गॅस. ऑक्सिजन, एलईएल, सीओ, एच२एस.

पंपवाला

मग इथेच घोळ आहे, आणि तो अर्ध्या महाराष्ट्रात आहे.

एलईएल म्हणजे हवा पेट घेऊ शकेल ती खालची पातळी. टोल्युइनची ही पातळी हवेच्या सुमारे १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. तुमचा मीटर याच पातळीची टक्केवारी दाखवतो. स्क्रीनवर '१' आलं तर ते ११० पीपीएम, म्हणजे तुमच्या १०० च्या मर्यादेच्या वर गेलात. बहुतेक मीटर १-२ टक्क्यांपर्यंत हलतच नाहीत, शून्यावर बसतात. तो मीटर स्फोट टाळण्यासाठी आहे. 'शून्य' याचा अर्थ प्लांट आत्ता पेटणार नाही, एवढाच. फुफ्फुसाबद्दल त्याने काही सांगितलेलं नाही.

लॉकरमधल्या पंपाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. म्हणूनच पंप लावून ऑफिसात एसीत बसायचं नसतं. मी वही घेऊन पूर्ण पाळी तिथे उभा असतो: ९:४० झाकण उघडलं, ९:४२ खरवडायला सुरुवात, १०:०५ चहा, मास्क खाली. या नोंदींशिवाय आलेला आकडा मी मानत नाही, स्वतःचा असला तरी. आणि पोरांना आधी पाच मिनिटं बसवून सांगावं लागतं की हे कशाला लावतोय, तुझ्या पगाराशी याचा संबंध नाही, रिपोर्टात काय आलं ते तुला सांगणार. सांगितलं की बहुतेक जण जपतात. एकाने तर जेवताना पंपाला शेजारी स्टूल दिलं होतं.

नियमावर_बोट

एलईएलचं हे ११० पीपीएमचं गणित मला कोणी डिप्लोमात शिकवलं नव्हतं. मान्य. आज मीटरचं मॅन्युअल काढून बघतो.

निवृत्त_फिटर

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३१ वर्षं काढली. आमच्या वेळी मोजणी म्हणजे फोरमनचं नाक. तो आत यायचा, दोनदा हुंगायचा, "काही नाही रे, चालू द्या." संध्याकाळी दुधाची पिशवी आणि गुळाचा खडा. गुळाने धूळ आणि केमिकल पोटातून निघून जातं अशी आमची ठाम समजूत, अजूनही आहे पुष्कळांची.

ग्रीस काढायला आम्ही बेंझिनने हात धुवायचो. डबाच असायचा उघडा, त्यात कोपरापर्यंत हात. वास आवडायचा, खोटं कशाला बोलू.

दगडफूल

मी फॅक्टरी मेडिकल ऑफिसर आहे. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत एएफआयएच (औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम) केलं, तेव्हापासून तीन कारखान्यांत जातो. थोडं वैद्यकीय बाजूने लिहितो.

काका, आधी तुमचं. दूध-गूळ खा, चांगलंच आहे, पण श्वासातून रक्तात गेलेलं सॉल्व्हंट पोटातल्या गुळाने बाहेर येत नाही. बेंझिन मानवी कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात आहे आणि परिणाम दिसायला वर्षानुवर्षं जाऊ शकतात. दर वर्षी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांना 'बेंझिनमध्ये हात धुवायचो' हे आपणहून सांगा. ते विचारणार नाहीत.

नाकाबद्दलही. टोल्युइनचा वास पुष्कळ आधी येतो, पण अर्ध्या तासात नाक त्याला सरावतं आणि माणसाला वाटतं वास गेला. हायड्रोजन सल्फाइड तर शंभर पीपीएमच्या आसपास वासाची जाणीवच मारून टाकतो. वास थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस तिथेच पडतो.

तिसरी_पाळी, तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: हवा मोजून सगळं कळत नाही. शरीरात किती गेलं ते लघवीतून बघता येतं. टोल्युइनसाठी पूर्वी हिप्युरिक आम्ल बघायचे. गंमत अशी की सोडियम बेंझोएट घातलेलं बाटलीबंद लोणचं, सॉस, कोल्ड्रिंक खाल्लं-प्यायलं तरी तेच हिप्युरिक आम्ल वाढतं. मी एका ठिकाणी कॅन्टीनमधल्या सॉसचा एक्स्पोजर रिपोर्ट जवळजवळ सही करून दिला होता. हल्ली ऑर्थो-क्रेसॉल बघतात, नमुना पाळी संपताना घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलात तर हाती काही लागणार नाही. विडी-सिगारेटने त्यातही थोडी भर पडते, म्हणून ती नोंद हवी.

त्वचेचं लक्षात ठेवा. तुमच्याकडे डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, हेही सॉल्व्हंटच) वापरतात का? ते हातमोज्यातून, कातडीतून आत जातं. हवेत काहीच नसतं आणि लघवीत त्यापासून शरीरात बनणारं एन-मिथाइलफॉर्मामाइड भरपूर. त्याची एक खूण आम्ही न मोजताच ओळखतो. डीएमएफवरचा माणूस संध्याकाळी थोडी घेतो आणि त्याचा चेहरा, मान, छाती लालबुंद होते, छातीत धडधडतं. तो म्हणतो दारू भेसळीची होती. भेसळ दारूत नसते, दिवसभरात अंगात गेलेलं डीएमएफ दारूचं पचन अडवतं.

तिसरी_पाळी

डॉक्टर, अंगावर काटा आला. आमच्याकडे ब्लॉक दोनमध्ये डीएमएफ आहे आणि तिथल्या एकाने अगदी हीच तक्रार देशी दुकानदाराबद्दल केली होती. भांडण झालं होतं त्यावरून.

पंपवाला, उत्तरं आणलीत. लॅबचा माणूस आला होता तेव्हा माझीच पाळी होती, पण मी पॅनेलवर होतो. ऑपरेटरला विचारलं. पंप दरवाज्याजवळच्या खांबाला टांगला होता, दीड तास. त्या दीड तासात सेंट्रिफ्यूज फिरत होतं, म्हणजे झाकण बंद. खरवडणं सुरू व्हायच्या आत तो माणूस सामान आवरून दुसऱ्या कंपनीत गेला.

त्याच्यावर राग नाही. त्याला दिवसात चार कंपन्या करायच्या असतात.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत एका रासायनिक कारखान्यात काम करतो, मूळचा चिपळूणचा. इथली पद्धत सांगतो, उपयोगी पडेल.

एका नमुन्यावर 'मर्यादेत आहे' असं इथे कोणी लिहून देत नाही. युरोपात ईएन ६८९ नावाचं मानक आहे. सारखं काम करणाऱ्यांचा एक गट करायचा आणि त्यातले निदान तीन नमुने घ्यायचे. तिन्ही मर्यादेच्या दहा टक्क्यांखाली असले तरच तिथे थांबता येतं. चार नमुने असतील तर पंधरा टक्के, पाच असतील तर वीस. यात बसलं नाही तर सहा किंवा जास्त नमुने आणि मग आकडेमोड. एवढं का, तर तोच माणूस, तेच काम, तरी सोमवारचा आणि गुरुवारचा आकडा कित्येक पटींनी वेगळा येतो. पंखा कुठे तोंड करून होता यावरही बदलतो.

आता मर्यादेची गंमत. टोल्युइन तेच, माणसाची फुफ्फुसं तीच. भारतात १०० पीपीएम. जर्मनीत ५०. अमेरिकेतल्या ओशाच्या (तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याच्या) कायद्यात आजही २००, त्यांचे बरेचसे आकडे १९६८ च्या यादीवरून उचललेले आहेत. आणि त्याच अमेरिकेतली एसीजीआयएच ही तज्ज्ञांची संस्था २००७ पासून २० म्हणते. दृष्टीवरचा परिणाम आणि गर्भपात ही कारणं देऊन. तेव्हा '१०० च्या आत' म्हणजे सुरक्षित असं नव्हे, त्या देशातल्या त्या वर्षीच्या कायद्यात बसलं इतकंच.

नियमावर_बोट

पण इन्स्पेक्टर विचारणार तो १०० च. तज्ज्ञांच्या २० वर मी मॅनेजमेंटकडे पैसे मागू शकत नाही. हे वास्तव आहे हो.

पंपवाला

आपल्याच कायद्यात मागायला जागा आहे. तिथे दोन आकडे आहेत, सगळे एकच वाचतात. फॅक्टरीज अ‍ॅक्टची दुसरी अनुसूची, कलम ४१-एफ, १९८७ च्या दुरुस्तीतून आलेली. टोल्युइनला आठ तासांची सरासरी १०० आणि पंधरा मिनिटांची मर्यादा १५०. पंधरा मिनिटांचीही दिवसात जास्तीत जास्त चार वेळा, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता आली आहे. मी जुनी कलमं सांगतोय, कारण तुमच्या रजिस्टरांवर तीच छापलेली असणार.)

गणित करून बघा. समजा एखाद्याने अर्धा तास ३०० पीपीएममध्ये काढला आणि उरलेले साडेसात तास १० मध्ये. तीनशेचे अर्धे दीडशे, साडेसात गुणिले दहा पंचाहत्तर. बेरीज २२५, भागिले आठ, २८. सरासरी बघितली तर सगळे खूश. पण तो अर्धा तास पंधरा मिनिटांच्या मर्यादेच्या दुप्पट होता. डोकं त्या अर्ध्या तासात दुखलं.

आणि तुमच्या पाळ्या बाराच्या आहेत. आठ तासांची मर्यादा ठरवताना उरलेल्या सोळा तासांत शरीर सॉल्व्हंट बाहेर टाकेल हे धरलेलं असतं. बारा तास काम केलं की आत जाणं वाढतं आणि बाहेर पडायला वेळ उरतो बाराच तास. ब्रीफ आणि स्काला यांचं एक सूत्र आहे: आठ भागिले बारा, गुणिले बारा भागिले सोळा. उत्तर अर्धं. म्हणजे बारा तासांच्या पाळीला १०० चे ५० धरायचे. हे सूत्र आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

तिसरी_पाळी

तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी.

ईएचएसकडे (पर्यावरण-सुरक्षा विभागाकडे) एक पीआयडी, म्हणजे हवेतली वाफ पीपीएममध्ये दाखवणारा हातातला मीटर होता, कपाटात धूळ खात. चार्ज केला. खरवडताना पोराच्या तोंडाजवळ धरला, ४२०! हात थरथरला. मग शेजारच्या रिअ‍ॅक्टरवर मिथेनॉल चार्जिंग चालू होतं तिथे नेला, वासाने डोळे चुरचुरत होते आणि मीटरवर ०. मीटर बिघडलाय का?

करवंटी

मीटर ठीक आहे. मी लॅबमध्ये जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) असते, हेच नमुने तपासते, तेव्हा या वेळी मी सांगते.

पीआयडीत एक अतिनील दिवा असतो, बहुधा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. ज्या रेणूचा इलेक्ट्रॉन त्याहून कमी ऊर्जेत सुटतो तोच दिसतो. टोल्युइनला ८.८ लागतात, लगेच दिसतं. मिथेनॉलला १०.८५ लागतात. दिवा पोचतच नाही, म्हणून शून्य. डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म यांचंही तेच. या मीटरच्या भरवशावर मिथेनॉलच्या टाकीत माणूस उतरवू नका, हात जोडते.

दुसरं, ४२० बघून घाबरू नका, पण निम्मं घाबरा. मीटर आयसोब्युटिलीन या दुसऱ्याच वायूवर कॅलिब्रेट केलेला असतो, म्हणजे त्याचा आकडा त्या वायूच्या मापाने येतो. टोल्युइनसाठी आकड्याला साधारण ०.५ ने गुणायचं. म्हणजे २१० पीपीएम.

आता पंप लावाच. टोल्युइनसाठी चारकोल ट्यूब, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी काचेची नळी. आत नारळाच्या करवंटीचा कोळसा, पुढे १०० मिलिग्रॅम, मग फोमची गादी, मागे ५०. (माझं नाव कुठून आलं ते कळलं असेल. कोकणातल्या माणसाला कौतुक वाटावं अशी गोष्ट आहे.) पुढचा कोळसा वाफ धरतो, मागचा राखणदार. लॅबमध्ये दोन्ही वेगळे काढून कार्बन डायसल्फाइडमध्ये भिजवतो, मग जीसी. मागच्यात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडलं तर नमुना फुटला, म्हणजे वाफ पुढच्या कोळशात मावली नाही, असं म्हणतो.

तीन विनवण्या. बारा तास एकच नळी ठेवू नका, भरून वाहते. पंपाचा फ्लो (मिनिटाला किती हवा ओढतो ते) आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजा, पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर नमुना बाद. आणि एक न वापरलेली नळी तिथेच टोकं तोडून, टोपणं लावून ब्लँक (तुलनेसाठी कोरा नमुना) म्हणून पाठवा. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी सगळ्या नळ्या आणि 'रेफरन्सला असावी म्हणून' टोल्युइनची बाटली एकाच खोक्यात पाठवली. ब्लँकमध्येसुद्धा टोल्युइन. फोन केला तर म्हणाले, झाकण तर घट्ट होतं.

सहज_वाचक

'खांबाचं डोकं दुखत नाही' हे घरी वाचून दाखवलं. बायको नेलपॉलिशच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, तीही आता विचारतेय आमच्याकडे कोणी मोजतं का. हे विचारायचा हक्क असतो का कामगाराला?

दगडफूल

असतो. जुन्या कायद्यात कलम १११-अ, कामाच्या जागच्या सुरक्षेची आणि आरोग्याची माहिती मागायचा हक्क. धोकादायक प्रक्रिया असेल तर ४१-सी खाली कामावर घेण्याआधी तपासणी, मग बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि आरोग्याची नोंद कामगाराला बघायला मिळाली पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तर नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर नोंदी जपायला सांगितलं. ठेकेदाराच्या पोराच्या बाबतीत अडचण अशी की आठ महिन्यांनी तो दुसऱ्या गेटवर असतो आणि त्याची नोंद कुठल्याच गेटवर नसते.

वहिनींना सांगा, आधी डब्यांवरची नावं लिहून आणा. आणि गरोदर असतील किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, थांबू नका.

तिसरी_पाळी

झालं एकदाचं सॅम्पलिंग. मॅनेजर तयार झाले ते पंधरा मिनिटांच्या १५० मुळे. पीआयडीचा २१० लिहून मेल टाकला, सीसीमध्ये प्लांट हेड. (नियमावर_बोट, तुमच्यासारखेच आमचे सेफ्टी ऑफिसरही शेवटी बाजूने उभे राहिले.) पंपवाला, तुमचं ऐकून वही घेऊन स्वतः उभा राहिलो, सुट्टी टाकून.

एकच हेल्पर, बारा तास, दर दोन तासांनी नळी बदलली, फ्लो मिनिटाला ५० मिलिलिटर. आकडे असे आले: १२, ८, २०५, ९६, ३०, ९. खरवडताना वेगळी पंधरा मिनिटांची नळी लावली होती, तिच्यात ३४०.

तोंडावर काय होतं तेही वहीत आहे. धुळीचा पांढरा मास्क. सॉल्व्हंटला त्याचा उपयोग शून्य हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचे मास्क आमच्या स्टोअरमध्ये आहेत, ठेकेदाराच्या माणसाला इश्यू होत नाहीत. ते त्या दिवसापासून सुरू झाले.

आता वाद असा. सहा नळ्यांची सरासरी ६०. मॅनेजर म्हणतात, बारा तासांचं साठ म्हणजे आठ तासांच्या हिशेबात नव्वद, शंभरच्या आतच आहोत. ३४० चं ते मान्य करतात. लोकल एक्झॉस्टचं (वाफ जागच्या जागी ओढून घेणाऱ्या पंख्याचं) कोटेशन मागवलंय, आणि खालून केक काढायचं सेंट्रिफ्यूज पुढच्या बजेटला टाकतो म्हणाले. पण रिपोर्टात '९०, मर्यादेत' असंच लिहायचंय त्यांना.

करवंटी

तिसऱ्या नळीचा मागचा भाग किती आलाय? २०५ वाल्या.

तिसरी_पाळी

ताई, रिपोर्टात दोन कॉलम आहेत. मागचा पुढच्याच्या १४ टक्के. बाकीच्यांत काही नाही. ब्लँक स्वच्छ आहे.

करवंटी

मग ती फुटली. त्या दिवशी पाऊस होता का? हवेत दमटपणा असला की कोळशाची जागा पाणीच अडवतं, पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या नळ्यांत हे नेहमी बघते. २०५ हा पुढचा आणि मागचा मिळून हाती लागलेला आकडा. मागच्यातूनही निसटून पंपात गेलेलं किती ते कोणालाच सांगता येणार नाही. २०५ च्या आधी 'किमान' लिहा.

पंपवाला

आणि मग तो ९० ही 'किमान ९०' होतो. तिसऱ्या नळीत खरे २४५ असते तर बरोबर १०० झाले असते. चाळीसचा फरक आहे, आणि नळी फुटलेली आहे. 'मर्यादेत' हा शब्द या रिपोर्टवर लिहिता येत नाही. पुन्हा घ्या. खरवडण्याच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाला नळी बदला. एकाच नव्हे, तीन वेगवेगळ्या हेल्परवर, तीन वेगळ्या दिवशी.

तिसरी_पाळी

पाऊस होता. धो धो.

मॅनेजरना दोन्ही प्रतिसादांचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "बुधवारी बॅच आहे, नळ्या मागव." किती मागवू? खरवडायच्या चार, बाकीच्या पाळीच्या पाच, पंधरा मिनिटांची एक, ब्लँक एक. गुणिले तीन, तेहतीस. बरोबर ना?

करवंटी

चाळीस मागवा. दोन-तीन तोडताना फुटतात.